साताऱ्याच्या डोंगरात स्वस्तातली कार्बन चाके : तारखा, खर्च आणि एक तडा

३ सप्टेंबर २०२४ रोजी रात्री मी चीनमधील एका रिम बनवणाऱ्या कंपनीला ३८० डॉलर पाठवले आणि २४ नोव्हेंबरला त्या रिमवर बांधलेली चाके माझ्या माउंटन बाइकला लागून यवतेश्वरचा घाट चढली. मधले ८२ दिवस कसे गेले, कागदपत्रे कुठे अडली, एकूण किती पैसे लागले आणि पुढे अडीच महिन्यांनी मागच्या चाकाचे काय झाले, ते सगळे तारखांसह लिहून ठेवत आहे. ऑर्डर देण्यापूर्वी मी जे काही वाचले ते परदेशातल्या लोकांनी लिहिलेले होते. त्यात मुंबईच्या कस्टमपासून साताऱ्याच्या सायकल दुकानापर्यंतचा टप्पा अर्थातच नव्हता, आणि माझी खरी दमछाक त्याच टप्प्यात झाली.

मी शाहूपुरीत राहतो आणि एका सरकारी कार्यालयाच्या लेखा विभागात काम करतो. वय ४६, वजन ७४ किलो. सायकल २०१९ मध्ये पुण्यातून घेतलेली, २९ इंची चाकांची, पुढे सस्पेन्शन असलेली आणि मागे नसलेली. रविवारी यवतेश्वर-कास, सज्जनगड किंवा ठोसेघर-चाळकेवाडी यांपैकी एखादी फेरी आणि आठवड्यात जमेल तेव्हा अजिंक्यताऱ्याची चढण, एवढाच माझा व्याप आहे. स्पर्धेत मी उतरत नाही. मग कार्बनची चाके हवीत कशाला, हा प्रश्न घरात विचारला गेला आणि तो रास्तच होता. त्याचे खरे उत्तर असे की, मागच्या चाकाची ॲल्युमिनियमची रिम दोन ठिकाणी चेपली होती, दर महिन्याला तिचा आऊट, म्हणजे चाकाचे डुलणे, काढावा लागत होता आणि नवीन रिम शोधता शोधता मी एका रात्री कार्बनच्या रिमपर्यंत जाऊन पोहोचलो.

कार्बन चाकांचे नाव निघाले की बहुतेकांना लाखांतले आकडे आठवतात. पण माउंटन बाइकच्या रिमपुरता विचार केला, तर ती वस्तू आता बरीच आवाक्यात आलेली आहे आणि त्याला कारणे आहेत. आताच्या बहुतेक माउंटन बाइकना डिस्क ब्रेक असतात, त्यामुळे ब्रेकचे पॅड रिमवर घासत नाहीत आणि घाट उतरताना रिम तापून कार्बनचे धागे बांधून ठेवणारे तिच्यातील रेझिन मऊ होण्याचा प्रश्न उरत नाही. शिवाय टायर धरून ठेवण्यासाठी रिमच्या कडेला आत वळलेला जो ओठ असे, तो आता बहुतेक कार्बन रिमना ठेवत नाहीत. कड सरळ आणि जाड ठेवली की साचा सोपा होतो, दगडाचा मार अधिक सोसला जातो, आणि आपल्या टायरमधील दाब इतका कमी असतो की ओठाशिवायही टायर जागेवर बसून राहतो. यामुळेच २०२४ मध्ये १५०-१६० डॉलरला एक रिम मिळू शकत होती.

मी तयार चाके न मागवता फक्त दोन रिम मागवल्या. हब (चाकाच्या मध्यातला फिरणारा भाग) आणि स्पोक (हब व रिम जोडणाऱ्या तारा) भारतात मिळतात, तर त्यांच्यावर परदेशी भाडे आणि शुल्क कशाला भरायचे, हे एक कारण. आणि पुढे एखादा स्पोक तुटला तर तो पुण्यात मिळणारा असावा, हे दुसरे. ऑर्डरचा फॉर्म आमच्या कार्यालयातील कोणत्याही फॉर्मला लाजवील इतका तपशीलवार होता. २९ इंची चाक म्हणजे टायर बसण्याच्या जागेचा व्यास ६२२ मिलिमीटर, हे मला तेव्हा नीट समजले. आतली रुंदी ३० मिलिमीटर घेतली, कारण माझ्या २.३५ इंची टायरला जुनी २३ मिलिमीटरची रिम अरुंद पडत होती. स्पोकसाठीची भोके ३२ निवडली. ही भोके मध्यरेषेपासून ३ मिलिमीटर बाजूला असलेला प्रकार मिळत असेल, तर तो अवश्य घ्यावा. मागच्या चाकात गिअरच्या बाजूचे स्पोक जास्त उभे बसतात आणि त्यांच्यावर ताण जास्त येतो. भोके ब्रेकच्या बाजूला सरकवली की दोन्ही बाजूंच्या ताणातील तफावत कमी होते. पुढच्या चाकात हीच गोष्ट उलटी, म्हणजे भोके ब्रेकच्या विरुद्ध बाजूला, ठेवावी लागते. शेवटच्या रकान्यात वजनाचा पर्याय होता : त्याच किमतीत ४०५ ग्रॅमची हलकी रिम किंवा ४६५ ग्रॅमची दणकट. मी दोन्ही चाकांना हलकी निवडली. या रकान्याकडे मी पुढे परत येणार आहे.

दोन रिमचे ३१८ डॉलर आणि कुरियरचे ६२. भाड्याचा आकडा पाहून मी चकित झालो, कारण दोन्ही रिम मिळून वजन एक किलोही नव्हते. विचारल्यावर कळले की, कुरियर कंपन्या मोठ्या आणि हलक्या खोक्याचे भाडे आकारमानावरून काढतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचे. ६५ बाय ६५ बाय १२ च्या खोक्याचे असे दहा किलो झाले. एक रिम मागवली असती तरी खोके जवळजवळ तेवढेच झाले असते, म्हणून मागवायच्या असतील तर दोन्ही एकदम मागवाव्यात.

पैसे भरताना कार्ड दोनदा नाकारले गेले. कार्डावरील परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आधी सुरू करावे लागतात, हे मी विसरलो होतो. डॉलरचा त्या दिवशीचा भाव धरून ३१,९२० रुपये आणि वर बँकेचे परकीय चलनाचे शुल्क व त्यावरील कर मिळून १,३२० रुपये, असे ३३,२४० रुपये खात्यातून गेले. विक्रेत्या बाईंनी सौजन्याने विचारले की, पावतीवर किंमत कमी लिहू का, म्हणजे तुम्हाला शुल्क कमी पडेल. मी नको म्हणालो. सरकारी नोकराने तसे करू नये हे तर झालेच, पण पार्सल हरवले तर भरपाई पावतीवरील रकमेचीच मिळते आणि कस्टमने बँकेचा पुरावा मागितला तर दोन आकड्यांचा मेळ घालता येत नाही. हा पुरावा त्यांनी पुढे खरोखरच मागितला.

रिम ऑर्डरनंतर बनवल्या जातात. २६ सप्टेंबरला माझ्या दोन रिमचे काट्यावर ठेवलेले फोटो आले आणि मला वाटले की आठवड्याभरात पार्सल येईल. परंतु १ ऑक्टोबरपासून चीनमध्ये राष्ट्रीय दिनाची आठवड्याची सुट्टी असते आणि माझे खोके त्या सुट्टीत कुठल्याशा गोदामात पडून राहिले. १२ ऑक्टोबरला दसरा झाला. मी नेहमीप्रमाणे सायकल धुऊन तिला झेंडूची माळ घातली, तेव्हा मागचे चाक डुलत फिरत होते.

१४ तारखेला पार्सल मुंबईत उतरले. १५ तारखेला कुरियरकडून ओळखपत्राची मागणी करणारा संदेश आला. आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा चढवला, तर तो परत आला, कारण पार्सलवर माझे नाव आणि आडनाव एवढेच होते आणि आधारवर वडिलांचे नावही आहे. ऑर्डर देतानाच आधारवर आहे तसे संपूर्ण नाव द्या, ही गोष्ट वाचायला क्षुल्लक वाटते, पण तिच्यापायी माझे दोन दिवस गेले. १७ तारखेला दुसरी चौकशी आली : वस्तू नेमकी काय आहे, कशासाठी आहे आणि पैसे दिल्याचा पुरावा कुठे आहे. पावतीवर नुसते ‘कार्बन रिम’ असे लिहिले होते. मी विक्रेत्याकडून ‘सायकलच्या चाकाची रिम, नग २, वैयक्तिक वापरासाठी’ असे लिहिलेली सुधारित पावती मागवली, तिच्यासोबत बँकेचा उतारा जोडला आणि पाठवून दिला. पुढचे तीन दिवस पार्सलच्या स्थितीत ‘प्रक्रिया सुरू’ एवढेच दिसत होते. मी दिवसातून दहा वेळा ते उघडून पाहत होतो. आमच्या खिडकीशी येणारी माणसे आपल्या बिलाबद्दल तेच ते का विचारतात, हे मला त्या तीन दिवसांत नव्याने कळले.

२१ ऑक्टोबरला शुल्काचा तपशील आला. ध्यानात ठेवण्यासारखे हे की, आकारणी वस्तूच्या किमतीवर होत नाही; तिच्यात भाडे आणि विमा मिळवला जातो, त्या बेरजेवर सीमाशुल्क लागते आणि ते मिळवून होणाऱ्या रकमेवर जीएसटी लागतो. म्हणजे महागडे कुरियर निवडले की शुल्कही वाढते. मला ११,६९० रुपये शुल्क आणि कुरियर कंपनीचा हाताळणी खर्च १,०६२ रुपये पडला. ऑनलाइन भरणा केला आणि २४ तारखेला खोके घरी आले.

खोके उघडण्यापूर्वी चारही बाजूंचे फोटो काढले आणि उघडताना मुलीला व्हिडिओ काढायला सांगितला. कोपऱ्यातील किराणा दुकानदाराने आपल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिम ठेवू दिल्या : ४१२ आणि ४१८ ग्रॅम. ४०५ च्या जवळ होते, चालण्यासारखे. मग घरी ट्यूबलाइटखाली बसून रिमवरून सगळीकडे बोट फिरवले. जोड जिथे असतो तिथे आतून किंचित उंचवटा लागला, तो पुढे आतून लावायच्या टेपखाली जाणारा होता. शेवटी रुपयाचे नाणे घेऊन रिमवर दर दोन बोटांवर हळूच वाजवत गेलो. सगळीकडून एकसारखा कोरडा ‘टक् टक्’ आवाज येत असेल तर आत पोकळी किंवा सुटलेला थर नसण्याची शक्यता जास्त; एखाद्या जागी आवाज बसका आला तर थांबावे आणि फोटोसह कळवावे. माझ्या रिम बऱ्या वाजल्या.

आता चाके बांधायची होती. आमच्या नेहमीच्या सायकल दुकानातील मामांनी गेली पाच वर्षे माझ्या सायकलचे सगळे काम केले आहे. त्यांनी रिम हातात घेतली, वजनाचा अंदाज घेतला, नखाने टकटक केले आणि परत माझ्या हातात दिली.

“साहेब, ह्या रिंगला मी पाना लावणार न्हाई. लोखंडाची रिंग वाकली तर कळतंय, ॲल्युमिनियमची वाकली तरी कळतंय. ही एकदम कटकन गेली तर तुमास्नी काय सांगू मी?”

मला वाईट वाटले, पण त्यांचे म्हणणे चूक नव्हते. कार्बनची रिम इतकी ताठ असते की स्पोकचे ताण कमीजास्त असले तरी चाक फिरवल्यावर आऊट दिसत नाही. डोळ्यांनी आणि कानांनी काम करणाऱ्या माणसाला चाक सरळ वाटते आणि आत चार स्पोक ढिले, चार अतिताणलेले असू शकतात. त्यासाठी ताण मोजायचे मीटर लागते आणि ते साताऱ्यात मला कुठे सापडले नाही. तेव्हा पुण्यातील एका चाक बांधणाऱ्या गृहस्थांशी फोनवर बोलणे केले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की, रिमचा स्पोकसाठीचा व्यास किती. मी कंपनीच्या तक्त्यातील ६०२ मिलिमीटर हा आकडा सांगितला. ते म्हणाले, “तक्त्यावर स्पोक मागवू नका, रिम घेऊन या.”

त्याच सुमारास विधानसभा निवडणूक लागली होती आणि माझ्या नावाने निवडणूक ड्युटीचा आदेश आला होता. प्रशिक्षणाच्या दोन तारखांच्या मधला रविवार, १० नोव्हेंबर, तेवढा मोकळा सापडला. ते चौकोनी खोके घेऊन मी सकाळच्या एसटीत चढलो. कंडक्टरने त्याच्याकडे संशयाने पाहिले आणि सामानाचे वेगळे तिकीट फाडले.

पुण्यातील त्या छोट्याशा कार्यशाळेत जे मापन झाले ते मी जवळून पाहिले. त्यांनी २६० मिलिमीटरवर कापलेले दोन जुने स्पोक घेतले, त्यांच्या टोकांना निपल (स्पोक रिमला आवळणारी छोटी नट) बसवून त्यावर गोंदाचा थेंब टाकलेला होता. ते समोरासमोरच्या भोकांतून आत घातले, दोन्ही बाजूंनी ताणून धरले आणि मधले अंतर पट्टीने मोजून त्यात स्पोकची लांबी मिळवली. असे चार ठिकाणी केले. उत्तर आले ५९९. तक्त्यापेक्षा तीन मिलिमीटर कमी म्हणजे प्रत्येक स्पोक दीड मिलिमीटर लांब आला असता, आणि चांगले काम करायचे तर स्पोकच्या लांबीत एक मिलिमीटरपलीकडे चूक परवडत नाही. ६४ स्पोक वाया गेले असते. स्पोक २९१ आणि २९३ मिलिमीटरचे ठरले, निपल पितळेचे. ॲल्युमिनियमचे निपल हलके असतात, पण आमच्याकडील पावसाळा चार महिने चालतो आणि कार्बनला टेकलेले ॲल्युमिनियम ओलाव्यात लवकर गंजते, असे त्यांनी सांगितले.

हबची जोडी शिमानोची घेतली, ८,४०० रुपयांना. इथे माझी एक चूक झाली. माझ्या जुन्या ब्रेकच्या चकत्या सहा स्क्रूंनी बसणाऱ्या होत्या आणि नवीन हबवर मधल्या खाचांत अडकून एका कड्याने आवळल्या जाणाऱ्या चकत्या बसतात. हब घेताना हे विचारायचे राहून गेले आणि २,६०० रुपयांच्या नव्या चकत्या घ्याव्या लागल्या.

२० नोव्हेंबरचे मतदान, यंत्रे जमा करून पहाटे घरी येणे आणि २१ तारखेची झोप, हे सगळे उरकून २२ तारखेला रजा टाकून चाके आणली. ती ताणताना पाहायला मिळाले नाही, पण बांधणाऱ्या गृहस्थांनी प्रत्येक स्पोकच्या ताणाची नोंद असलेला कागद दिला. कंपनीने स्पोकच्या ताणाला १२० किलोची मर्यादा सांगितली होती. मागच्या चाकात गिअरच्या बाजूला ११० च्या आसपास आणि ब्रेकच्या बाजूला ९० च्या आसपास ताण होता. चाके बांधणाऱ्याकडून हा कागद मागून घ्यावा. दोनशे किलोमीटरनंतर परत तपासणीला गेलो तेव्हा त्याच कागदाशी ताडून पाहता आले. स्पोकचे ३,५२० आणि मजुरीचे ३,००० रुपये झाले. तयार जोडीचे वजन १,८८० ग्रॅम भरले. जुनी जोडी २,३३० ग्रॅमची होती.

२३ तारखेला टायर बसवायला घेतले. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब न घालता, करायचे असल्याने रिममध्ये ३४ मिलिमीटर रुंदीची टेप ताणून लावली, व्हॉल्व्ह बसवला, एक कड बसवून प्रत्येक टायरमध्ये ११० मिलिलिटर सीलंट (बारीक छिद्रे बुजवणारा द्रव) ओतले. पायपंपाने तासभर झटून पुढचा टायर कडेला बसला, मागचा काही केल्या बसेना. हवा जेवढी भरावी तेवढी कडेतून निसटत होती. शेवटी चाक खांद्याला अडकवून जवळच्या पेट्रोल पंपावर गेलो. निकालाचा दिवस होता, रस्त्यावर गुलाल आणि फटाके चालू होते. पंपावरील नळी आपल्या बारीक सायकल व्हॉल्व्हला लागत नाही, त्यासाठी पन्नास-साठ रुपयांचे पितळी अडॅप्टर मिळते, ते आठवणीने जवळ ठेवावे. टायरच्या कडेला साबणाचे पाणी लावले, व्हॉल्व्हचा गाभा काढून ठेवला आणि हवा सोडायला सांगितली. दोन सेकंदांत लागोपाठ ‘ठण्, ठण्’ असे दोन आवाज झाले. हवा सोडणारा मुलगा दचकून मागे सरला आणि मग फटाक्यांकडे पाहून हसला. टायर बसला होता. टेप, व्हॉल्व्ह आणि सीलंट मिळून २,९०० रुपये लागले.

२४ नोव्हेंबर, रविवार. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरच्या माथ्यापर्यंत मला एरवी ३५ मिनिटे लागतात. लोक विचारतात की कार्बनने किती वेळ वाचला, म्हणून गणित मांडतो. मी, सायकल, पाणी आणि हत्यारे मिळून ९० किलो. चाकांत ४५० ग्रॅम वाचले आणि ट्यूब काढून सीलंट घातल्याने आणखी सुमारे २२०. एकूण ६७० ग्रॅम म्हणजे पाऊण टक्काही नाही. घाटात एकसारख्या गतीने चढताना वजन कमी झाले की वेळ जवळपास त्याच प्रमाणात कमी होतो, म्हणजे ३५ मिनिटांत जेमतेम १५ सेकंद. रिमवरचे वजन दुप्पट मोजावे असे म्हणतात, ते वेग वाढवण्यापुरते खरे आहे. चढणीवर संथपणे पायडल मारताना ते वजन एकदाच मोजले जाते. माझी त्या दिवशीची वेळ ३४ मिनिटे ५० सेकंद आली, आणि माझ्या एरवीच्या वेळांतच एकेका मिनिटाचा फरक असतो. दुसरा एक हिशोब मला जास्त बोचला : ४५० ग्रॅमसाठी मी ६३ हजारांहून अधिक रुपये मोजले होते आणि ट्यूबलेस करून वाचलेल्या २२० ग्रॅमसाठी २,९००. ज्यांची जुनी रिम ट्यूबलेसला चालणारी आहे, त्यांनी आधी तेवढेच करून पाहावे, असे मी मनापासून सांगेन.

मग फरक पडला कुठे? तो मला १५ डिसेंबरला चाळकेवाडीच्या पठारावर कळला. बोगद्यातून सज्जनगड फाटा, ठोसेघर आणि वर पवनचक्क्यांपर्यंत डांबरी रस्ता. तिथून पवनचक्क्यांच्या देखभालीसाठी केलेले कच्चे रस्ते. या रस्त्यांवर जाण्यापूर्वी पहारेकऱ्याला विचारावे आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. मला कोणी अडवले नाही. मुरूम, सुटी खडी आणि मधूनमधून वर आलेला जांभा. जुन्या चाकांवर अशा ठिकाणी हँडल वळवले की चाक क्षणभर विचार केल्यासारखे उशिरा वळे, आणि खडीवरून आडवे जाताना पुढचा भाग जरासा वाहवत जाई. नवीन चाक जिथे रोखले तिथेच गेले. दोन दगडांच्या मधली वीतभर जागा निवडून तिच्यातून जाता आले. रुंद रिममुळे टायर अधिक पसरून बसला आणि पूर्वी ट्यूबसह ३० पीएसआय भरायचो, तिथे आता पुढे २१ आणि मागे २४ पुरले. ताठपणाची दुसरी बाजूही आहे. जांभ्याच्या खडबडीत सपाटीवर मनगटांना हादरे जास्त जाणवले, आणि दाब दोन-तीन पीएसआयने इकडेतिकडे झाला तरी लगेच कळू लागले. कासच्या पठारावर मात्र मी डांबरी रस्ता सोडत नाही. तिथल्या कातळावरच्या पातळ मातीत काय काय रुजते हे ठाऊक असलेल्या माणसाला तिथे टायर घालवत नाही.

९ फेब्रुवारी २०२५. देगावच्या बाजूने पाटेश्वरच्या डोंगरावर गेलो होतो. निघताना मागचा टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि ठीक वाटला. सीलंटला अडीच महिने झाले होते, आमच्या कोरड्या हिवाळ्यात ते आटत आले होते आणि हवा हळूहळू उतरत होती, हे अंगठ्याला काय कळणार. उतरताना काळ्या पाषाणाची एक धारदार पायरी आली, पुढचे चाक तिच्यावरून गेले आणि मागून ‘ठक्क’ असा आवाज आला, जो ऐकल्यावर पोटात गोळा आला. टायरमधून दोन-तीन फवारे पांढरे सीलंट उडाले आणि थांबले. घरी आलो तेव्हा दाब १७ होता.

संध्याकाळी चाक धुतले. वरवर एक पांढरा ओरखडा दिसत होता. देवघरातला कापूस घेतला, त्याचा सैल बोळा करून रिमच्या कडेवरून हलक्या हाताने फिरवत गेलो. एका जागी कापसाचे तंतू अडकले आणि बोळा तिथेच चिकटून राहिला. टायर उतरवून आतून विजेरी मारली, तर कडेला चार सेंटिमीटर लांबीचा केसासारखा तडा होता. अंगठ्याने दाबले की बारीक ‘कट्’ असा आवाज येत होता. ॲल्युमिनियमची रिम अशा वेळी चेपली असती आणि पान्याने सरळ करून आणखी वर्षभर चालली असती. कार्बनला मधली अवस्था नसते.

कंपनीला फोटो पाठवले. दोन दिवसांत उत्तर आले. हमी कारखान्यातील दोषांची होती, माझ्या चुकीची नव्हती. तरी चालवताना झालेल्या नुकसानीसाठी निम्म्या किमतीत दुसरी रिम देण्याची त्यांची पद्धत होती. अट एवढीच की तुटलेली रिम करवतीने कापून त्याचा फोटो पाठवायचा. त्यांनी तळाशी एक ओळ लिहिली होती : या वेळी मागच्या चाकासाठी ४६५ ग्रॅमची घ्यावी. मी तक्ता मांडला. निम्मी किंमत, तेच दहा किलोचे भाडे, बँकेचे शुल्क, सीमाशुल्क आणि हाताळणी मिळून १७ हजारांहून अधिक रुपये, आणि मजुरी वेगळी. ॲल्युमिनियमची चांगली, ३० मिलिमीटर रुंदीची रिम पुण्यात ४,२०० रुपयांना होती. तिचा व्यास वेगळा असल्याने नवे स्पोक १,७६० आणि मजुरी १,५००. एकूण ७,४६० रुपये. वजन सुमारे १४० ग्रॅमने वाढणार होते. मागच्या चाकावर स्वाराचे बहुतेक वजन असते, दगड तेच खाते, आणि वळण्याची जी मजा मला मिळाली होती ती पुढच्या चाकाची होती. मी रिम कापली नाही. ॲल्युमिनियमची घेतली.

सगळा खर्च मिळून ७३,८७२ रुपये झाला, आणि त्यात १,२०० रुपयांचे कमी दाब मोजणारे डिजिटल मीटर धरलेले नाही, जे मी सप्टेंबरमध्येच घ्यायला हवे होते. पायपंपावरची मोठी तबकडी २० आणि २५ मधला फरक भरवशाने दाखवत नाही. आता निघण्यापूर्वी दोन्ही चाके मोजतो : पुढे २१, मागे २६. दर दोन महिन्यांनी सीलंट बघतो.

मार्चमध्ये मागच्या चाकाचा किंचित आऊट निघाला. मी सायकल मामांकडे नेली. त्यांनी मागची रिम नखाने वाजवली, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता पाना हातात घेतला. दहा मिनिटांत चाक सरळ झाले. सत्तर रुपये दिले. मग त्यांनी पुढचे चाक फिरवले, ते थांबेपर्यंत पाहिले, बोटाने ‘टक्’ करून ऐकले आणि पाना खाली ठेवला.

“हिला मात्र पुण्यालाच न्या,” म्हणाले.